सांकेतिक भाषेचे दुभाषी होताना: नवीन इंटरप्रिटरसाठी कामातल्या नीतीविषयी थोडं

सांकेतिक भाषेच्या इंटरप्रिटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. खोलीत दोन्ही भाषा येणारी व्यक्ती बहुतेक वेळा फक्त तुम्ही असता. डॉक्टरांना तुमचे हात वाचता येत नाहीत, आणि तुम्ही तोंडाने काय बोललात ते कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नाही. तुम्ही अर्धं वाक्य गाळलंत, एखादा कठोर शब्द सौम्य केलात किंवा न समजलेलं अंदाजाने भरून काढलंत, तर ते पकडणारं तिथे कोणी नसतं. आपल्या कामातले जवळजवळ सगळे नियम या एकाच परिस्थितीतून आले आहेत. ती डोक्यात पक्की बसली, की आचारसंहिता पाठ करावी लागत नाही.

याचं टोकाचं उदाहरण साऱ्या जगाने पाहिलं. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गमध्ये नेल्सन मंडेलांच्या श्रद्धांजली सभेत देशोदेशीच्या नेत्यांच्या शेजारी एक माणूस दुभाषी म्हणून उभा होता आणि भाषणभर हात हलवत होता. टीव्हीसमोर बसलेल्या बधिर लोकांच्या लगेच लक्षात आलं, की या हातांतून काहीही अर्थ निघत नाही. व्यासपीठावर मात्र त्याला कोणी थांबवलं नाही आणि कार्यक्रम तसाच पार पडला. हा प्रकार दुर्मीळ आहे, मान्य. पण त्याची छोटी रूपं रोज घडतात: साइन भाषेचा प्राथमिक कोर्स केलेला माणूस पोलीस चौकीत 'थोडंफार जमतं' म्हणून उभा राहतो, आणि ऐकणाऱ्यांना त्याचे हात अस्खलित वाटतात.

म्हणून माझ्या मते या पेशातली नीती काम स्वीकारण्याच्या फोनपासूनच सुरू होते. फोन आला की विचारा: विषय काय आहे, किती वेळ चालणार, किती माणसं असतील, दुसरा दुभाषी आहे का, कागदपत्रं किंवा स्लाइड आधी मिळतील का. आणि सर्वात महत्त्वाचं, ती बधिर व्यक्ती कोणती सांकेतिक भाषा आणि कशी वापरते. बाहेरच्यांना वाटतं की साइन भाषा जगभर एकच. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बोलायला इंग्रजीच आहे, पण दोघांच्या सांकेतिक भाषा इतक्या वेगळ्या, की बोटांनी अक्षरं दाखवायची पद्धतही अमेरिकेत एका हाताची आणि ब्रिटनमध्ये दोन हातांची. एकाच देशातसुद्धा वय, शाळा आणि प्रदेश यांनुसार खूप फरक पडतो.

उत्तरं ऐकून आपल्याला झेपणार नाही असं वाटलं, तर नाही म्हणा. समोरून ठरलेलं वाक्य येतं: 'अहो, कोणी नसण्यापेक्षा तुम्ही बऱ्या.' नवीन माणसाला हे खूप भावतं, कारण त्यात कौतुकही असतं आणि मदतीची हाकही. जीव धोक्यात असेल आणि दुसरं कोणी पोहोचेपर्यंत वेळ नसेल, तर जरूर जा, पण दोन्ही बाजूंना आपली मर्यादा सुरुवातीलाच सांगा. एरवी, कोर्टातली साक्ष असो किंवा मानसोपचार, चुकीचा दुभाषी असण्यात कोणीच नसण्यापेक्षा जास्त धोका असतो. दुभाषी नसेल तर निदान सगळ्यांना कळतं की संवाद झालेला नाही. चुकीचा दुभाषी असेल तर कागदावर लिहिलं जातं की 'दुभाष्यामार्फत समजावून सांगितले'.

आता दवाखान्यातलं एक साधं वाक्य घ्या. डॉक्टर म्हणतात, 'घाबरू नका, एक छोटीशी सर्जरी करावी लागेल.' मराठीत वाक्य पूर्ण झालं. साइन करताना मात्र चीर दाखवायची ती शरीरावर कुठेतरी दाखवावी लागते. पोटावर दाखवायची की पाठीवर? चीर आहे की दुर्बिणीतून करणार? तुमचा हात पोटाकडे गेला, तर डॉक्टरांनी न सांगितलेली माहिती तुम्ही देऊन मोकळे झालात. अशा वेळी थांबायचं आणि उघडपणे म्हणायचं, 'दुभाषी विचारतेय, सर्जरी नेमकी कुठे आणि कशी?' आणि आपण डॉक्टरांना काय विचारलं, हे बधिर पेशंटलाही लगेच साइन करून सांगायचं. पेशंटला न सांगता डॉक्टरांशी दोन वाक्यं जरी बोललात, तरी तेवढा वेळ ती व्यक्ती तिच्याच आजाराच्या चर्चेतून बाहेर असते.

कोर्टात आणि चौकशीत हाच प्रश्न फार गंभीर होतो. 'त्याने तुम्हाला मारलं का?' या प्रश्नात मारण्याचा प्रकार नाही. साइनमध्ये थप्पड वेगळी, बुक्का वेगळा, काठी वेगळी. तुम्ही थप्पड दाखवलीत तर साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घातल्यासारखं होतं, आणि समोरचा वकील त्यावर बोट ठेवू शकतो. इथे न्यायाधीशांना सांगावं लागतं की हा प्रश्न असाच्या असा साइन करता येत नाही, तो कसा विचारायचा ते ठरवा. ठरवायचं काम त्यांचं, अडचण दाखवून द्यायचं तुमचं. याच जागी मान डोलावण्याचाही घोळ होतो. समोरचा साइन करत असताना बधिर व्यक्ती मान डोलावते, त्याचा अर्थ बऱ्याचदा 'बघतोय, पुढे सांगा' एवढाच असतो. ऐकणारा अधिकारी ते 'हो' म्हणून लिहून घेतो. तुम्ही त्या मान डोलावण्याला आवाज देऊन 'हो' म्हणालात, तर तो कबुलीजबाब होऊ शकतो. उत्तर येईपर्यंत थांबा.

आवाज देताना, म्हणजे साइनकडून मराठीत येताना, 'मी'च्या भाषेत बोलायचं हा नियम सगळ्यांना शिकवतात. बधिर बाईंनी 'मला रात्री झोप लागत नाही' असं साइन केलं, तर तुमच्या तोंडूनही तेच वाक्य यायला हवं. 'त्या म्हणतायत की त्यांना झोप लागत नाही' असं नाही. मराठीत याला आणखी एक पदर आहे. मी बाई असून पुरुषासाठी आवाज देताना 'मी गेलो होतो' म्हणते. सुरुवातीला जीभ अडखळते, समोरचेही क्षणभर बघतात. सुरुवातीलाच 'मी जे बोलेन ते यांचं बोलणं आहे' असं सांगून ठेवलं, की अडचण येत नाही.

पण त्याहून नाजूक गोष्ट 'तू' आणि 'तुम्ही'ची. साइनमध्ये समोरच्याकडे बोट जातं आणि आदर चेहऱ्यातून, देहबोलीतून दिसतो. मराठीत मात्र तुम्हाला दोनातलं एक निवडावंच लागतं. नोकरीच्या मुलाखतीत बधिर उमेदवार अदबीने साइन करत असताना तुमच्या तोंडून तुटक, कच्ची वाक्यं आली, तर मुलाखत घेणाऱ्यांना तो उमेदवारच कमी शिकलेला वाटतो. त्यांनी ऐकलेला आवाज तुमचाच असतो. म्हणून आपली बोलीभाषा कसदार ठेवणं, वाचन ठेवणं, हाही मी नीतीचाच भाग मानते. नवीन लोक दिवसरात्र साइनचा सराव करतात आणि मराठीकडे दुर्लक्ष करतात. याउलट, कोणी शिवी दिली तर शिवीच पोहोचली पाहिजे, दोन्ही दिशांनी. ती गिळून वातावरण शांत ठेवणं हे तुमचं काम नाही. आपला अपमान झाला हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

हे इतकं ताणून सांगायचं कारण इतिहासात आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. जवळजवळ सगळे मत देणारे ऐकणारे होते, आणि त्यांनी शाळांतून साइन भाषा बाजूला सारून तोंडी बोलण्यावर भर द्यायचं ठरवलं. त्याचे परिणाम कित्येक पिढ्यांनी भोगले. व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून दुसऱ्याने निर्णय घेणं या समाजाने असं भोगलंय. त्यामुळे तुम्ही मदतीच्या भावनेने बधिर व्यक्तीच्या वतीने उत्तर दिलंत, की तिला जुनीच गोष्ट पुन्हा घडताना दिसते.

पूर्वी दुभाषी म्हणजे घरचं कोणी, शाळेतले शिक्षक किंवा धर्मगुरू. अमेरिकेत १९६४ मध्ये दुभाष्यांची संघटना उभी राहिली आणि मग लिखित आचारसंहिता आली. सुरुवातीच्या काळात दुभाष्याने यंत्रासारखं वागावं असा आग्रह होता. तो पुढे मागे पडला, आणि ते बरंच झालं. दवाखान्याच्या बाकावर बधिर माणूस शेजारी बसला असताना तोंड फिरवून मोबाइल बघत बसणं हे त्या समाजात उद्धटपणाचं आहे. गप्पा मारा, पण आजाराच्या तपशिलाकडे नेऊ नका. तिथे त्या बधिर व्यक्तीने तुम्हाला एखादं जुनं ऑपरेशन सांगितलं आणि आत गेल्यावर डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर तुम्ही अवघड जागी सापडता. तिने ते सांगायचं की नाही, हे तिचं आहे. बाहेर विषय निघालाच तर तिथल्या तिथे म्हणावं, 'हे आत डॉक्टरांना सांगा, मी तिथे आवाज देईन.'

गुप्ततेबद्दल सगळे होकार देतात, पण ती मोडते ती नकळत. बधिर समाज छोटा असतो, जवळजवळ सगळे एकमेकांना ओळखतात. 'नाव नाही घेत, पण परवा एका बाईंची बायोप्सी होती' एवढ्या वाक्यावरून बाई कोण ते ओळखलं जातं. तुम्ही कोणाबरोबर काम केलंत हेसुद्धा गुप्तच. कामाच्या जागेचा फोटो टाकू नका, लिहून घेतलेल्या टिपा काम संपल्यावर फाडून टाका. घरच्यांनी 'आज कुठे होतीस?' विचारलं तर 'कामावर' एवढं पुरे. मुलांवरचा अत्याचार किंवा जिवाचा धोका अशा बाबतीत कायदा माहिती द्यायला भाग पाडू शकतो, आणि हे नियम जागोजागी वेगळे असतात. आपण काम करतो तिथले नियम आधीच माहीत करून घ्या. मात्र मनावरचं ओझं कुठेतरी उतरवावं लागतं. दुसऱ्याच्या दुःखाला दिवसभर 'मी' म्हणून आवाज दिला, की ते अंगावर राहतं. मुरलेल्या दुभाष्याशी बोला, आणि बोलताना तुमच्या निर्णयाबद्दल बोला. समोरच्या माणसाची ओळख पटेल असं काही नको.

चूक लक्षात आली तर त्याच क्षणी दुरुस्त करायची. 'दुभाषीची दुरुस्ती: डॉक्टर आठवड्यातून दोनदा म्हणाले, दिवसातून दोनदा नाही.' दोन्ही भाषांत सांगायचं आणि पुढे जायचं. लांबलचक माफी मागत बसू नका, त्यात सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे जातं. चुकांचं मोठं कारण घाई. नवीन माणूस बोलणाऱ्याच्या शब्दाला चिकटून साइन करतो आणि वाक्य शेवटी वळलं की अडकतो. मराठीत 'नाही' शेवटी येतो, हे विसरू नका. थोडं मागे राहा, अर्थ हातात येऊ द्या.

थकव्याचंही तसंच. सलग काम करताना मेंदू दमतो आणि आपण चुकतोय हे आपल्यालाच कळत नाही. लांब कार्यक्रमाला दोन दुभाषी हवेतच, आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलायची. ज्याची पाळी नाही तोही कामावरच असतो: सुटलेला आकडा, नाव, तांत्रिक शब्द तो पुरवतो. आयोजक खर्चासाठी कुरकुरतात. हे कारण त्यांना शांतपणे समजावून सांगा आणि तरीही ऐकलं नाही तर काम सोडा.

कपडे, उजेड याविषयी थोडक्यात: त्वचेच्या रंगाहून उठून दिसणारा साधा, बिनडिझाइनचा कपडा, हातात चमकणारं काही नको, आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. बोलणाऱ्याच्या शेजारी उभे राहा, म्हणजे बधिर व्यक्तीला दोघंही एका नजरेत दिसतात.

बधिर दुभाषी, म्हणजे स्वतः बधिर असलेला दुभाषी, हे नवीन लोकांना फारसं माहीत नसतं. कधीच शाळेत न गेलेली व्यक्ती, लहान मूल, घरगुती खुणा वापरणारा माणूस, स्पर्शाने साइन वाचणारी बधिरांध व्यक्ती, अशा ठिकाणी ऐकणाऱ्या दुभाष्यासोबत बधिर दुभाषी असला तर खूप फरक पडतो. तुम्ही त्याच्यापर्यंत साइन पोहोचवता, तो ते त्या व्यक्तीला कळेल अशा रूपात नेतो. ही मागणी करण्यात कमीपणा वाटू देऊ नका.

आणि काम कसं होतंय हे तपासायची सोय स्वतःच करून ठेवा. 'कसं झालं?' असं विचारलं तर बधिर माणसं भिडेखातर 'छान' म्हणतात. नेमकं विचारा: आकडे कळले का, कोण बोलतंय हे कळत होतं का, कुठे थांबवावंसं वाटलं? सरावाचा व्हिडिओ करा (प्रत्यक्ष कामाचा कधीच नाही) आणि बधिर मार्गदर्शकाला दाखवा. मूळ भाषण काय होतं ते त्यांना सांगू नका. त्यांना जे समजलं ते साइन करायला सांगा, आणि ते मूळ भाषणाशी वाक्यावाक्याने ताडून बघा.