क्रमवारीची कोडी: आधी ‘जर-तर’ निकालात काढा, मग चौकटी आखा

आयबीपीएस पीओच्या (बँक अधिकारी भरतीच्या) पूर्व परीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. पाच प्रश्नांच्या एका पझलला जेमतेम तीन मिनिटं येतात. नवखी मुलं पहिली अट वाचली की लगेच चौकटी भरायला घेतात आणि तिथेच अडकतात. आधी सगळ्या अटी वाचा.

हे छोटं कोडं घ्या. अ, ब, क, ड, इ यांना गुणांनुसार १ ते ५ क्रमांक, १ सगळ्यात वरचा. ‘क’ हा ‘ब’च्या लगेच वर. ‘ब’ आणि ‘इ’ यांच्या मध्ये दोघं. ‘इ’ पहिला नाही, शेवटचाही नाही. ‘अ’ पहिला असेल, तर ‘क’ शेवटचा.

शेवटच्या अटीसाठी बरेच जण दोन तक्ते मांडतात. गरज नाही. ‘क’च्या खाली ‘ब’ असतोच, मग ‘क’ शेवटचा येणार कसा? ‘तर’पुढचं घडूच शकत नसेल, तर ‘जर’ही बाद. म्हणजे ‘अ’ पहिला नाही. जर-तर संपलं, साधी अट हातात राहिली.

आता ‘इ’. मध्ये दोघं म्हणजे क्रमांकांत फरक ३ चा, २ चा नव्हे. गुण इथेच जातात. ‘इ’ दुसरा किंवा चौथा. चौथा धरला तर ‘ब’ पहिला येतो आणि ‘क’ला वर जागाच उरत नाही. म्हणून ‘इ’ दुसरा, ‘ब’ पाचवा, ‘क’ चौथा. राहिले १ आणि ३. ‘अ’ पहिला नाही, तेव्हा ड, इ, अ, क, ब.

कच्च्या कागदावर अट बाणाने लिहा: अ१ → क५. खाली लगेच तिची उलट बाजू: क५ नाही → अ१ नाही. बाण नुसता फिरवून ‘क५ → अ१’ मात्र लिहू नका, ते अटीत नाही. ‘अ पहिला असेल तरच क शेवटचा’ असं असतं तर ते चाललं असतं. एका ‘च’ने बाणाची दिशा बदलते!

वापरलेल्या अटीवर टिक करत चला. शेवटी दोन मांडण्या उरल्या तर बिनटिकेची अट शोधा. सगळ्यांवर टिक असेल, तर प्रश्न पुन्हा वाचा: ‘असू शकतो’ विचारलं असेल तर दोन्ही मांडण्या ठेवूनच उत्तर द्यायचं.