शेवटच्या गावचा माल पहिले भरा

माझं गाव मोर्शी तालुक्यातलं. पीएच.डी.चा विषय घरी एका वाक्यात सांगितला होता: कृषी केंद्रांना खत पोचवणाऱ्या गाड्यांनी कमीत कमी किलोमीटरमध्ये सगळी गावं कशी फिरायची. प्रश्न जुना आहे. डँटझिग आणि रॅमसर या संशोधकांनी १९५९ मध्ये पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी तो मांडला. एक गाडी आणि दहा गावं असली तरी १८,१४,४०० वेगवेगळे फेरे निघतात. पंधरा गावांना ६५,३८३ कोटींच्या वर. म्हणून सगळे तपासून पाहणं सोडावंच लागतं.

पहिल्या वर्षी मी फक्त वजन धरलं. युरियाची गोणी ४५ किलोची, गाडी दीड टनाची, म्हणजे ३३ गोण्या. कोडनं काढलेला मार्ग घेऊन मी मोठ्या उत्साहानं एका ड्रायव्हरकाकांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बाबू, शेवटच्या गावचं पयले भरा लागते. नाही त पयल्याच गावात अर्धी गाडी खाली करा लागन." औषधाचे खोके गोण्यांखाली दाबले जातात, हेही त्यांनीच दाखवलं. माझ्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

मार्ग आणि भरणी एकत्र सोडवण्यावर संशोधन आहे, हे मला त्यानंतर कळलं. जेंद्रो, इओरी, लापोर्त आणि मार्टेलो यांचा त्रिमितीय भरणीवरचा २००६ चा निबंध मी तीनदा वाचला. त्यात उतरवण्याचा क्रमही आहे आणि नाजूक मालावर जड माल न ठेवण्याची अटही. काकांचं बोलणं आधी ऐकलं होतं, म्हणून ती समीकरणं लगेच उमगली. नव्यानं येणाऱ्यांनी विषय पक्का करण्याआधी दोन दिवस तरी गाडीसोबत फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात क्लार्क आणि राईट यांच्या १९६४ च्या बचत पद्धतीनं करा, तीही वहीत. गोदामापासून एक गाव १२ किलोमीटर, दुसरं १५, आणि दोघांमध्ये ५. वेगवेगळे फेरे केले तर ५४ किलोमीटर, एकाच फेरीत ३२. बचत २२. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, मोठ्या बचतीपासून जोड्या जुळवत जायचं आणि जी जोडल्यावर गाडीची क्षमता ओलांडते ती जोडी सोडून पुढची घ्यायची. सहा गावांचं उदाहरण हातानं सोडवलं की कोडमधली चूक चटकन दिसते.

पुढे असे मार्ग काढून देणारं गूगलचं ओआर-टूल्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गुरोबी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवानाही विद्यार्थ्यांना मोफत आहे. उत्तर तपासणारा प्रोग्राम मात्र वेगळा लिहा. सोडवणाऱ्या कोडकडूनच तपासून घेतलं, तर अट चुकीची समजल्याची चूक दोन्हीकडे राहते. माझे दोन महिने त्यातच गेले.

पद्धती तपासायला सगळे वापरतात त्या सोलोमनच्या १९८७ च्या प्रसिद्ध नमुना-उदाहरणांत अंतरं सरळ रेषेत मोजलेली असतात. पद्धतींची तुलना करायला ते ठीक, पण आपल्याकडे वर्धा नदीच्या दोन काठांवरची गावं नकाशात शेजारी दिसतात आणि गाडीला पुलापर्यंत वळसा पडतो. अंतरं रस्त्यानंच मोजा. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा बुडाला, की त्या दिवसापुरता तो रस्ता यादीतून काढूनच मार्ग पुन्हा काढावा लागतो.