बाबांना नीट ऐकू येत नाही, त्यावरून घरात रोज वाद? आमच्याकडे हे लागू पडलं
बाबांचा टीव्ही फुल्ल आवाजात, काही सांगितलं की "पुटपुटता काय", मोठ्याने बोललं तर "ओरडतोस कशाला". ओरडणं, आईला मध्ये घालणं सगळं करून झालं, जाम वैताग. शेवटी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे मळ काढून घेतला, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. वयामुळे उंच स्वराचे आवाज आधी जातात, म्हणून स, श, फ निसटतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही, ओरडून काही होत नाही.

आता आधी टीव्ही म्यूट, मग समोर उजेडात बसायचं, "बाबा" म्हणून ते बघेपर्यंत थांबायचं, मग सावकाश बोलायचं. नाही कळलं तर तेच परत न म्हणता वाक्य बदलायचं. कानाचं मशीन लावलं तरी हे लागतंच, पोरांनाही शिकवा, ती पाठमोरी बोलतात.