देवराईची माती तपासताना पाचोळा फेकू नका

पाटणच्या वरच्या अंगाला आमची वाघजाईची राई. तिच्या बांधाला लागून काही वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची शेड चालली. शेड गेली, तरी मला चैन पडेना. अण्णांना म्हटलं, माती तपासू या. ते म्हणाले, "अगं, राई तर हिरवीगार आहे की!"

हिरवी होतीच. जुन्या जांभळाची मुळं खोल जातात, आणि शिसं पाचोळ्यात नि वरच्या दोन-चार बोटं मातीतच अडकून बसतं. म्हणून शेंडा बघू नका, बुंध्याशी उकिडवं बसा आणि हातमोजे घालून पाचोळा उचला. राईच्या वरच्या टोकाला दोन पानं सारली की काळी भुसभुशीत माती, पांढऱ्या बुरशीचे धागे, पळणारी गोम. शेडच्या बाजूला मात्र पानाखाली पान, त्याखाली आणखी पान. गेल्या वर्षीचं, त्याआधीचंही, शिरा न् शिरा शाबूत. शिसं, कॅडमियम अशा विषारी जड धातूंनी कुजवणारी बुरशी आणि बारीक जीव मंदावतात, मग पानातलं खत मातीत परत जात नाही. तिथली जांभळाची रोपं चार पानांवरच थबकली होती.

एवढ्यावर निकाल लावू नका, कोरड्या जागीही पाचोळा साठतो. नमुना घ्याच. शेतात आपण पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घेतो. इथे तसं केलंत तर शिसं असलेला थरच टाकून द्याल आणि उरलेलं खालच्या स्वच्छ मातीत मिसळून पातळ होईल. पाचोळा वेगळ्या पिशवीत भरा, वरची ५ सेंटीमीटर माती वेगळ्या. एकाच जातीच्या झाडांखालून आठ-दहा ठिकाणची माती प्लॅस्टिकच्या टबात मिसळा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, तिचंच जस्त अहवालात येतं. तसाच दुसरा नमुना शेडपासून लांब, चढाच्या बाजूने घ्या. तुलनेला तो नसेल तर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

शेतमातीसाठी सरकार देतं त्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ तपासण्यांत जस्त, तांबं येतं, शिसं आणि कॅडमियम येत नाही. मी पहिल्यांदा तिथेच चुकले. प्रयोगशाळेला "शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं यांचं एकूण प्रमाण आणि सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल ते)" असं लिहूनच द्या.

आमच्याकडे पाऊस धो-धो, लाल माती आम्लधर्मी. आम्ल मातीत कॅडमियम, जस्त जास्त विरघळतात. कॅनडातल्या सडबरीत धातूच्या भट्ट्यांनी उजाड झालेल्या डोंगरांवर १९७८ पासून मातीची आम्लता कमी करायला चुनखडीची पूड टाकून झाडं लावली, ती जगली. पण अहवाल बघितल्याशिवाय, जाणकाराला विचारल्याशिवाय राईत चुना टाकू नका.

तोवर तिथला पाचोळा झाडू नका आणि जाळू तर मुळीच नका, धुराबरोबर शिसं घरात येईल. आणि पोरांना अळंबी काढायला त्या बाजूला सोडू नका. अळंबी कॅडमियम ओढून घेते. आमच्या घरी यंदा अळंबी आली ती ओढ्यापलीकडची.