आल्टकॉइन घेण्यापूर्वी त्याची छाननी कशी करावी

बिटकॉइन सोडून बाजारात जी हजारो क्रिप्टो नाणी आहेत, त्यांना सरसकट आल्टकॉइन म्हणतात. त्यांपैकी एखादे घ्यावे की नाही, हे ठरवताना नवखा माणूस आधी भावाचा आलेख उघडतो. माझ्या मते आलेख सर्वांत शेवटी पाहावा. आधी नाणी एकूण किती आहेत, ती कुणाच्या हातात आहेत आणि हवी तेव्हा विकता येतील का, हे शोधावे. ही माहिती बहुतांशी फुकट मिळते. फक्त एखादी संध्याकाळ ठाण मांडून बसावे लागते.

सुरुवात संख्येपासून करावी. कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप या संकेतस्थळावर नाण्याचे पान उघडून चलनात असलेली संख्या आणि कमाल संख्या हे दोन आकडे वहीत उतरवून घ्यावेत. ‘रुपयाच्या आत मिळते, म्हणजे स्वस्त’ हा समज इथेच गळून पडतो. शिबा इनू हे नाणे एका पैशाहूनही कमी भावात मिळते, आणि ते रुपयावर गेले तर आपण कुठे पोहोचू, याचे मनोरे अनेकांनी रचलेले आहेत. परंतु त्याची सुमारे ५८९ लाख कोटी नाणी चलनात आहेत. म्हणजे भाव एक रुपया झाला, तर त्यांचे एकत्रित मूल्य ५८९ लाख कोटी रुपये होईल, आणि भारताचे २०२४-२५ या संपूर्ण वर्षाचे सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे ३३० लाख कोटींचे होते. याच्या उलट, काही नाण्यांच्या कमाल संख्येचा जेमतेम पाचवा हिस्सा चलनात असतो. उरलेली नाणी पुढे बाजारात उतरणारच असतात, आणि तेव्हा मागणी तेवढीच वाढली नाही, तर भाव घसरतो.

त्यानंतर ती नाणी कुणाकडे आहेत, ते पाहावे. प्रसिद्ध नाण्याच्या नावाने नकली टोकन, म्हणजे नाणे, काढणे सोपे असते, म्हणून प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता जसाच्या तसा उचलावा. टोकन इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीवर, असेल, तर तो पत्ता तिथल्या नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर टाकून ‘होल्डर्स’, म्हणजे धारकांची यादी, हा भाग उघडावा. सर्वांत वरच्या पत्त्याकडे, म्हणजे खात्याकडे, मोठा वाटा दिसला, म्हणून लगेच घाबरू नये. तो एखाद्या एक्स्चेंजचा (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचा), स्टेकिंगचा (मोबदल्यासाठी नाणी अडकवून ठेवण्याचा) किंवा नष्ट केलेल्या नाण्यांचा पत्ता असू शकतो आणि बहुधा तसे लेबलही त्यावर असते. मात्र पहिल्या दहांतील बिननावी पत्त्यांकडे मिळून निम्मी नाणी असतील, तर तिथेच थांबावे.

आता व्हाइटपेपर, म्हणजे प्रकल्पाचा अधिकृत आराखडा, वाचावा. तंत्रज्ञानाचे वर्णन नाही समजले तरी चालेल. वाटपाचा तक्ता मात्र सोडू नये. मॅटिकचे उदाहरण घेऊ. भारतीय संस्थापकांनी उभारलेल्या या प्रकल्पाला आज पॉलिगॉन म्हणतात. मॅटिकची कमाल संख्या १,००० कोटी होती. एप्रिल २०१९ मध्ये बायनान्स या एक्स्चेंजवर त्यांपैकी १९ टक्के नाणी विकली गेली आणि १६ टक्के संस्थापक चमूसाठी राखलेली होती. असा राखीव वाटा कोणत्या महिन्यात, किती प्रमाणात खुला होतो, त्याचे वेळापत्रक शोधून ठेवावे. कमाल संख्या ही काही काळ्या दगडावरची रेघ नसते, हेही याच उदाहरणावरून दिसते: सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकच्या जागी पॉल हे टोकन आले, आणि त्यात दरवर्षी २ टक्के नव्या नाण्यांची तरतूद झाली.

परताव्याचे आश्वासन दिसल्यास तो पैसा कोण देणार, हे विचारावे. टेरा प्रकल्पात यूएसटी हे टोकन ठेवल्यास वर्षाला जवळपास २० टक्के व्याज मिळे. मे २०२२ मध्ये यूएसटीची डॉलरशी असलेली सांगड तुटली आणि ती सावरण्यासाठी यंत्रणा लूना या टेराच्याच दुसऱ्या टोकनची नवी नाणी काढतच राहिली. काही दिवसांत त्यांची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि लूना कवडीमोल झाले. पुण्यातही ज्याचे गुन्हे दाखल झाले, त्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा १० टक्के दराने १८ महिने बिटकॉइनमध्ये परताव्याचे आमिष होते. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हाती टेकवण्यात आले.

विकता येणे ही वेगळी परीक्षा आहे. २०२१ च्या अखेरीस एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर निघालेले स्क्विड टोकन २,८०० डॉलरच्या वर चढले, पण खरेदीदारांना ते विकताच येत नव्हते, आणि १ नोव्हेंबरला ते शून्यावर आले. तो आलेख तेवढा सुरेख होता! म्हणून आपल्या एक्स्चेंजवर त्या नाण्याची ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी लावलेल्या बोलींची यादी, उघडून, पन्नास हजारांची विक्री केल्यास भाव किती खाली येईल, हे खरेदीच्या आकड्यांवरून मोजावे. एक्स्चेंजची केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी आहे का, तेही पाहावे; अर्थात नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि खातेदारांची रक्कम वर्षाहून अधिक काळ अडकून पडली.

शेवटी कराचा हिशेब करावा. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, विक्रीच्या वेळी सहसा १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात ४०,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्यात तेवढेच बुडाले, तरी १२,४८० रुपये कर भरावा लागतो. त्यामुळे पाच अनोळखी नाण्यांत थोडे थोडे पैसे पेरण्याचा बेत असेल, तर हा आकडा त्याच वहीत आधी मांडून पाहावा.