भजनासाठी अभंग निवडताना या चुका टाळा

भजन रंगलं नाही की पहिला दोष पखवाजावर जातो, मग पेटीवर, मग माईकवर. खरी चूक बहुधा आधीच झालेली असते. कोणता अभंग, कोणत्या चालीत आणि कितवा घ्यायचा हे ठरवताना बुवांनी स्वतःच्या गळ्याचा विचार केलेला असतो, मागे म्हणणाऱ्या टाळकऱ्यांचा नाही. पुढच्या जवळपास सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

मैफलीतली चाल जशीच्या तशी उचलणे

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही. पंडित भीमसेन जोशींनी अभंग मैफलीत नेले आणि घरोघरी पोचवले, हे त्यांचं मोठंच काम. पण त्या चाली एका तयार गळ्यासाठी आहेत. त्यांतल्या ताना, लांबवलेले स्वर, समेवर येण्याची ती ऐट हातात टाळ घेऊन उभ्या असलेल्या वीस माणसांना कशी झेपणार? मग बुवा गात राहतात, बाकीचे नुसते टाळ वाजवतात आणि ध्रुपदाला, म्हणजे सगळ्यांनी परत परत म्हणायच्या ओळीला, एक-दोनच आवाज येतात. असं दिसलं की चाल चुकली समजा.

तालमीतच पारख करा. ध्रुपद दोनदा म्हणून दाखवा. तिसऱ्या वेळी अगदी नव्या माणसानं ते उचललं तर चाल भजनाची. नाही उचललं तर तो अभंग मध्यावर एकट्यानं गा, हरकत नाही. सुरुवातीला मात्र घेऊ नका.

चित्रपटगीतांच्या चालींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोकणातल्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, गजराला अशी चाल लागली तर लोक तिच्यासाठीच आलेले असतात, तिथे ती शोभते. सप्ताहात किंवा देवळातल्या एकादशीच्या भजनात लावलीत, तर ऐकणाऱ्याच्या मनात अभंगाऐवजी मूळ गाण्याचे शब्द वाजतात. तुकोबांचे शब्द असे झाकले जावेत, हे मला पटत नाही.

अक्षरं न मोजता चाल लावणे

मोठ्या अभंगाच्या चरणात अक्षरं ६-६-६-४ अशी पडतात. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ बोटांवर मोजून पाहा. लहान अभंगात ८-८ असतात: ‘जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले’. एकाची चाल दुसऱ्याला लावली की शब्द कोंबावे लागतात, किंवा मोकळी जागा ‘हो’, ‘रे’, ‘गा’ घालून भरावी लागते. तसं होऊ लागलं तर गाणाऱ्याला दोष देऊ नका, चाल बदला.

चालींच्या वहीत दोन भाग करा, एक मोठ्या अभंगांच्या चालींचा, दुसरा लहानांच्या. जुन्या मंडळांकडे चाली मोजक्याच असायच्या आणि अभंग मात्र शेकड्यांनी पाठ असायचे, ते या हिशेबामुळे. सरकारने १९५० साली काढलेल्या तुकोबांच्या गाथेत ४,६०७ अभंग आहेत. प्रत्येकाला वेगळी चाल शोधायला कोण बसणार?

बुवांची पट्टी सगळ्यांवर लादणे

बुवांचा आवाज काळी चारला (पेटीवरची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) मोकळा लागतो म्हणून सगळं मंडळ काळी चारला गातं, आणि तिसऱ्या अभंगाला निम्मे गळे बसतात. बायका-पुरुष एकत्र म्हणणार असतील तर ज्याचं ध्रुपद सा ते प एवढ्यातच फिरतं असा अभंग घ्या. वरच्या सप्तकातलं अंतऱ्यापुरतं ठेवा, ते बुवांनी एकट्यानं घ्यावं. मध्येच पट्टी बदलायची असेल तर पखवाजाची शाईची बाजू नव्या षड्जाला (‘सा’ला) मिळवावी लागते. तेवढा वेळ नसेल तर एकाच पट्टीत बसतील असे अभंग सलग लावा.

शब्द पाहून प्रसंग ठरवणे

ज्ञानेश्वरांची ‘घनु वाजे घुणघुणा’ पावसाचं गाणं म्हणून आषाढात उडत्या ठेक्यात म्हटली जाते. ती विराणी आहे. विठ्ठलाच्या भेटीवाचून जीव तळमळतोय, तिला संथ लयच हवी.

दहाव्याच्या भजनाला ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ निवडतात, कारण त्यात मरण आहे. पण तुकोबा तिथे अहंकाराच्या मरणाबद्दल बोलतात आणि त्याला सोहळा म्हणतात. कीर्तनकार ते उलगडून सांगू शकतो. भजनात नुसता शब्द कानावर पडतो, समोर बसलेल्या घरच्यांना तो लागतो. अशा घरी हरिपाठ म्हणावा, नामाचे अभंग घ्यावेत.

एकनाथांच्या भारुडांचं वेगळंच होतं. ‘दादला’ हसवतं म्हणून घेतात आणि हशा मिळाला की ‘एका जनार्दनी’च्या आधीच थांबतात. त्या शेवटच्या कडव्यासाठीच तर नाथांनी सगळा संसार मांडलेला असतो. वेळ कमी असेल तर मधलं कडवं गाळा, मुद्रेचं, म्हणजे कवीचं नाव येणारं, कधीच नाही.

वेळ-काळ विसरणे

भूपाळ्या, वासुदेव, जोगी ही काकड्याची, पहाटेची मांडणी. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत देवळांत काकडा चालतो, तिथे ती सगळी मिळतात. चाल गोड आहे म्हणून रात्री नऊला भूपाळी लावू नका. काल्याचे अभंग सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीचे. गवळण रूपाच्या अभंगाआधी घेतली की जाणती माणसं अस्वस्थ होतात, आणि त्यांचं बरोबर आहे: आधी देव डोळ्यांपुढे उभा करायचा, मग त्याच्या खोड्या गायच्या.

भजन चालू असतानाच बसलं तर

ठरवलेली यादी तिथेच सोडा. नवी चाल थांबवा आणि ‘जय जय रामकृष्ण हरी’ वर या, तेही मध्य लयीत. सगळे आवाज परत येईपर्यंत लय चढवू नका. मग सर्वांना पाठ असलेले दोन अभंग जुन्या चालीत घ्या. कोणी फर्माईश केली तर आधी टाळकऱ्यांकडे पाहा. त्यांना येत असेल तरच घ्या, नसेल तर ‘पुढच्या एकादशीला नक्की’ असं सांगून पुढे चला, आणि तो अभंग खरोखरच तालमीला लावा.