पेटंट करायचंय? आधी क्लेम आणि तारखा नीट समजून घ्या

पहिल्यांदा पेटंट करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, खर्च किती येईल? माझ्या मते हा प्रश्न तिसरा चौथा असायला हवा. आधी हे विचारा की आपली वस्तू कोण कॉपी करणार आणि त्याने केली तर आपल्याला ते कळणार कसं. कारखान्याच्या आत चालणारी प्रोसेस असेल, तयार माल बघून काही ओळखूच येत नसेल, तर पेटंट म्हणजे स्वतःच्या हाताने सगळ्यांना रेसिपी वाटणं, कारण अर्ज साधारण १८ महिन्यांनी पब्लिश होतो आणि मग तो कुणीही फुकटात वाचतो. अशी गोष्ट गुपचूप ठेवलेलीच बरी. वस्तू उघडली की लगेच युक्ती कळते असं असेल तर मात्र पेटंटला अर्थ आहे.

माझं काम व्हॉल्व्हवर आहे. पाइप फुटून पाण्याचा फ्लो अचानक वाढला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, म्हणजे उघडला की सगळं समोरच दिसतं. खाली उदाहरण त्याचंच देतोय, तुमचं क्षेत्र वेगळं असलं तरी पद्धत तीच.

सगळ्यात आधी तोंड बंद ठेवा. फाइलिंगच्या, म्हणजे अर्ज देण्याच्या, आधी पोस्टर लावलं, व्हिडिओ टाकला, गिऱ्हाइकाला सॅम्पल विकलं, थीसिस लायब्ररीत गेला, की युरोपात तुमचं नावीन्य जवळजवळ संपलंच. अमेरिका आणि जपानमध्ये स्वतःच केलेल्या खुलाशाला एक वर्षाची सवलत मिळते पण त्या भरवशावर राहणारे लोक बाकीचे देश गमावून बसतात. कुणाला दाखवणं भागच असेल तर आधी एनडीएवर (गोष्ट गुप्त ठेवण्याच्या करारावर) सही घ्या.

मग सर्च, म्हणजे असं काही आधी कुणी केलंय का ते शोधणं. त्यासाठी गूगल पेटंट्स, एस्पेसनेट, पेटंटस्कोप या साइट्स आहेत, तिन्ही फुकट. नवखे लोक दोन चार शब्द टाकतात, काही सापडत नाही आणि खूश होतात. पेटंटमध्ये लोक साध्या वस्तूला काय काय म्हणतात ते बघा, माझ्या व्हॉल्व्हला कुणी फ्लो लिमिटर म्हणतं, कुणी बर्स्ट प्रोटेक्शन डिव्हाइस, कुणी नुसतं सेफ्टी डिव्हाइस. त्यामुळे जवळचं एक तरी डॉक्युमेंट शोधायचं, त्यावर क्लासिफिकेशनचा कोड असतो (व्हॉल्व्हचा एफ१६के), तो कोड धरून सर्च करायचा आणि त्या डॉक्युमेंटने कुणाचा संदर्भ दिलाय आणि नंतर कुणी त्याचा संदर्भ दिलाय हे दोन्ही बाजूंनी बघत जायचं. मुदत संपलेलं जुनं पेटंटसुद्धा प्रायर आर्ट (आधीपासून जाहीर असलेली माहिती) असतं, कंपन्यांचे जुने कॅटलॉगसुद्धा.

आता तारीख. ग्रॅहम बेलचा टेलिफोनचा अर्ज आणि एलिशा ग्रेची तशाच शोधाची आगाऊ नोटीस दोन्ही अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी पोचले आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आज जवळपास सगळीकडे आधी फाइल करेल त्याचं असा हिशोब आहे, अमेरिकाही मार्च २०१३ पासून तिकडे वळली. म्हणून भारत, अमेरिकेसारख्या देशांत लोक आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) टाकून तारीख पकडतात आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज देतात. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रोव्हिजनलमध्ये जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. दोन पानी गुळगुळीत वर्णन टाकून उपयोग नाही, ड्रॉइंग्ज, पर्यायी डिझाइन्स, मापांच्या रेंजेस, सगळं त्यात घालायचं.

क्लेम हा खरा विषय. वर्णन चाळीस पानांचं असो, हक्क मिळतो तो फक्त क्लेम्सपुरता, म्हणजे नेमकं काय आपलं आहे हे सांगणाऱ्या क्रमांक घातलेल्या वाक्यांपुरता. समजा पहिला क्लेम असा लिहिला: एक बॉडी, तिच्यात सरकणारी डिस्क, आणि डिस्कला उघड्या बाजूला ढकलणारी स्टीलची कॉइल स्प्रिंग. वाचायला छान आहे. पण कॉपी करणाऱ्याच्या मालात क्लेममधला प्रत्येक घटक असेल तरच त्याने उल्लंघन केलं असं साधारणपणे मानतात, म्हणजे त्याने स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबरचा डायफ्राम (लवचिक पडदा) टाकला की तो बाजूला झाला आणि तुम्ही कोर्टात भांडत बसा की दोन्ही सारखंच आहे. तिथे 'डिस्कला उघड्या स्थितीकडे ढकलणारा लवचिक घटक' लिहिलं असतं तर स्प्रिंग, रबर, पत्र्याची पट्टी सगळं आत आलं असतं. मग उपक्लेममध्ये एक एक पायरी खाली यायचं, क्लेम २ मध्ये तो घटक कॉइल स्प्रिंग आहे, क्लेम ३ मध्ये डायफ्राम, वगैरे. ही उतरण हवीच, कारण वरचा रुंद क्लेम प्रायर आर्टवर आपटण्याची शक्यता जास्त असते आणि आपटला की तुम्हाला खालच्या पायरीवर यावं लागतं. आणि एकदा फाइल केल्यावर अर्जात नवीन मजकूर घालता येत नाही, पायरी आधीपासून लिहिलेली असेल तरच तिच्यावर उतरता येतं.

अर्जाचं ड्राफ्टिंग पेटंट एजंटकडूनच करून घ्या असं माझं स्पष्ट मत आहे पण क्लेम १ स्वतः शब्द शब्द वाचा आणि प्रत्येक शब्दाला विचारा की हा काढला तर वस्तू चालते का? चालत असेल तर तो शब्द तिथे काय करतोय? एजंट वैतागतो, वैतागू दे.

बऱ्याच देशांत परीक्षणाची विनंती वेगळी द्यावी लागते, ती राहिली की अर्ज मागे घेतला असं धरतात. जपानमध्ये त्याला फाइलिंगपासून ३ वर्षं मिळतात, भारतात २०२४ च्या नियमांनी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने, अमेरिकेत वेगळी विनंती लागत नाही. मग पेटंट ऑफिसातल्या एक्झामिनरचं ऑब्जेक्शनचं पत्र येतं आणि नवखा माणूस घाबरतो की झालं, रिजेक्ट. अहो, बहुतेक सगळ्यांनाच येतं ते. सर्च रिपोर्टमध्ये (ऑफिसने शोधलेल्या जुन्या डॉक्युमेंट्सच्या यादीत) डॉक्युमेंटसमोर एक अक्षर असतं ते आधी बघा. एक्स म्हणजे हे एकटंच तुमच्या क्लेमला अडवतंय, वाय म्हणजे दुसऱ्याबरोबर जोडलं तर अडवतं, ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी. वाय असेल तर वाद घालायला चांगली जागा आहे. एक्झामिनर म्हणणार पहिल्यात स्प्रिंग आहे, दुसऱ्यात डायफ्राम, जोडले की तुमचा व्हॉल्व्ह. यावर 'आमचं वेगळं आहे' हे उत्तर नाही. पहिल्या व्हॉल्व्हमध्ये डिस्क फडफडते, तिथे डायफ्राम बसवला तर ती आणखी फडफडेल, म्हणून जाणकार माणूस तसं करायलाच जाणार नाही, आणि आमच्या रचनेत ती थांबते, हा बघा टेस्टचा डेटा, असं उत्तर लागतं. आणि तो परिणाम मूळ अर्जात लिहिलेला असेल तर त्याला वजन येतं.

सगळ्या जगाचं एक पेटंट असा प्रकार नसतो. १८८३ च्या पॅरिस करारामुळे पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत दुसऱ्या देशांत तीच तारीख मिळते, आणि १९७० च्या पीसीटी (एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाच्या) करारातून गेलात तर एकेका देशात अर्ज पुढे न्यायला ३० महिने, काही ठिकाणी ३१. पीसीटी म्हणजे मुख्यतः विचार करायला विकत घेतलेला वेळ. भारतात राहणाऱ्याने आधी बाहेर फाइल करायचं तर परवानगी लागते, नाहीतर इथे फाइल करून ६ आठवडे थांबावं लागतं, अमेरिकेतही परवानगीचा नियम आहे.

ग्रांट झालं, म्हणजे पेटंट मंजूर झालं, की लोक सर्टिफिकेट फ्रेम करतात आणि विसरतात. मुदत फाइलिंगपासून २० वर्षं, पण फी भरत राहिलात तर. अमेरिकेत ग्रांटनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी. युरोपात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी, तेही अर्ज पेंडिंग असतानाच. भारतातही तिसऱ्या वर्षापासून, पण भरायची ग्रांटनंतर, त्यामुळे ग्रांटला उशीर झाला असेल तर मागची सगळी थकबाकी एकदम समोर येते. चुकलं तर साधारण ६ महिने दंडासकट भरता येते. हे मोठ्यांचंही होतं, नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीचं सेमाग्लुटाईड या औषधावरचं कॅनडातलं पेटंट २०१९ ची रिन्यूअल फी न भरल्याने लॅप्स झालं, आणि रक्कम होती काहीशे डॉलर. ऑफिस आठवण करून देईल या भरवशावर राहू नका, तारखा निदान दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि पत्ता, ईमेल बदलला की ऑफिसला कळवा.

अर्ज पब्लिश झाला की सरकारी दिसणाऱ्या लेटरहेडवर बिलं येऊ लागतात, 'आंतरराष्ट्रीय पेटंट रजिस्टर'मध्ये नोंदणीसाठी इतके भरा वगैरे. बहुतेक फसवणूक असते, वायपोने (पेटंटचं काम बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने) स्वतः याबद्दल सावध केलंय. एजंटला न विचारता एकही बिल भरू नका.

आणि पेटंट मिळालं म्हणजे वस्तू बनवायची परवानगी मिळाली असं नाही हं, ते फक्त दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं. तुमच्या सुधारणेखाली दुसऱ्याचं चालू पेटंट असू शकतं, ते वेगळं तपासावं लागतं.

फी बहुतेक ठिकाणी वर्षागणिक वाढत जाते म्हणून दरवर्षी भरण्याआधी देशांची यादी घेऊन बसा. तिथे विक्री आहे का, प्रतिस्पर्धी तिथे माल बनवतो का, आणि आपलं आजचं मॉडेल अजून क्लेम १ मध्ये बसतं का, कारण पाच सहा वर्षांत डिझाइन इतकं बदलतं की कधी कधी आपण आपल्याच जुन्या वस्तूची फी भरत असतो. तिन्हीला नाही असं उत्तर आलं तर सोडून द्या, जीव अडकवू नका. सोडलेलं पेटंट प्रायर आर्ट म्हणून राहतंच, त्यामुळे उद्या दुसरा कुणी नेमकी तीच रचना स्वतःच्या नावावर करून तुम्हालाच अडवेल ही भीती धरायचं कारण नाही.